एकतीस नंबरची जागा

पार्कचं नाव कॉटनवुड शेड.
कॉटनवुड एकच होता, तो मी यायच्या आधीच वठला.
सावलीचं कुणी विचारलं तर मी खरं ते सांगते:
चारनंतर ऑफिसची भिंत देते थोडी.

अकरा वर्षं जागा वाटते आहे मी इथे,
लॉर्ड्सबर्गच्या अलीकडे, हायवे आणि रूळ यांच्यामधल्या पट्ट्यात.
नोव्हेंबर लागला की उत्तरेची माणसं उतरतात,
मिनेसोटाची, डाकोटाची, पार सॅस्कॅचेवानची,
चाकांवर अख्खं घर, मागे बांधलेली छोटी मोटार,
काचेला नाक लावून एखादं कुत्रं.
मांजर पिल्लांना सात घरं फिरवते
तशी फिरवतात गाडी, खडीवरून, मुंगीच्या पावलांनी.
नवरा खिडकीतून डोकं काढतो,
बायको मागे उभी राहून हातवारे करते,
आणि पाच मिनिटांत तीस वर्षांचा संसार
मला ऑफिसातून दिसतो.

जागा कशी निवडावी, विचारतात.
मी म्हणते, आधी खाली उतरा.
पाण्याची बाटली आडवी ठेवा, कुठे घरंगळते बघा.
दार पूर्वेला येऊ द्या; इथला वारा पश्चिमेचा,
कापडी छत दांड्यांसकट उपटून नेतो.
नळ सोडून बघा. विजेच्या पेटीत
गांधीलमाशांनी घर केलं नाही ना, तेही.
आणि एकतीस नंबर घेऊ नका.
कचऱ्याचा डबा नाकाशी, रूळ पन्नास पावलांवर,
रात्री मालगाडी गेली की कपाटातल्या बशा बोलतात.

ऑर्विल टॅकेट एकतीसच मागायचा.
दरवर्षी, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या सोमवारी,
चार महिन्यांचे पैसे रोख, रबरबँडात.
नऊ रिकामी आहे, मी दोनदा सुचवलं, मेस्कीटच्या झाडाखाली.
नुसती मान हलवली.
तिसऱ्या वर्षी लॉन्ड्रीत, मशीनसाठी नाणी मोजता मोजता म्हणाला,
आर्डिथ, माझा मुलगा इंजिन चालवतो. एल पासो ते टूसॉन.
बोलणं नाही आमचं. त्याच्या आईला पुरलं तेव्हापासून.
पण फाटकाशी भोंगा देतात ना,
दोन लांब, एक तोकडा, एक लांब,
त्यानंतर तो आणखी एक तोकडा देतो.
नियमात नसलेला.
तू इथे आहेस हे त्याला कसं कळतं?
पायरीवर पिवळा दिवा ठेवतो, म्हणाला,
आणि टॉवेलांच्या घड्या घालत बसला.

यंदा आला तेव्हा मी एकतीसची पावती फाडतच होते.
त्याने हात आडवा केला.
नऊ.
कानाला बोट लावलं, मग तेच बोट हवेत हलवलं,
दुकान बंद झाल्याचं सांगावं तसं.
मी काहीतरी बोलले, मोठ्याने.
तो हसला, भलत्याच ठिकाणी.

नऊ नंबर चांगलाच आहे. सकाळी लावे येतात रांगेने,
तो खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसतो.

पहिल्या रात्री मला झोप लागेना.
अडीचला उठून कोट चढवला,
माझ्याच पायरीवरचा दिवा काढला
आणि एकतीसच्या खांबाला टांगला.
पिवळा नव्हता. म्हटलं, चालेल.
हात काखेत दाबून उभी राहिले, वेड्यासारखी.
दोन लांब. एक तोकडा. एक लांब.
मग नुसते डबे, डबे, डबे,
पायांखालची खडी थरथरत होती,
आणि मी घड्याळाकडे बघायचंही विसरणार
इतक्यात फार पुढून, डोंगराच्या अंगाने,
तोकडा.

सकाळी पावतीच्या पाठीवर लिहिलं, २:४७,
आणि त्याच्या कॉफीच्या मगाखाली सरकवलं.
चष्मा पुसून त्याने वाचलं,
चार घड्या घालून खिशात टाकलं,
आणि अख्ख्या पार्कला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,
सात मिनिटं उशीर?

एकतीस नंबर यंदा कुणाला देत नाही.
विचारलं तर सांगते, नळ बिघडलाय.